साडेसात पळांचा हिशेब

धार जिल्ह्याच्या दक्षिण भागात, नर्मदेच्या उत्तर तीरावर धरमपुरी नावाचे गाव आहे. पूर्वी ते पवारांच्या धार संस्थानात मोडत असे, आणि माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या रुजलेल्या मराठी घरांपैकी काहींचा राबता तेथे होता. लहानपणी तेथल्या एका आप्तांच्या ओसरीवर मी बुद्धिबळाचा पहिला डाव पाहिला. पहिला पाहिला असे म्हणतो, पण पुरा पाहिला असे म्हणवत नाही. खेळणारे दोघे वृद्ध होते. त्यांतल्या एकाला सारे आबासाहेब म्हणत, दुसऱ्याला तात्या. दिवेलागणीला पट मांडला जाई. आबासाहेब हनुवटीखाली मूठ धरून जे बसत, ते नदीवरून आलेला वारा पडला तरी हलत नसत. अखेर तात्या म्हणत, "आबासाहेब, चाल करता, की उद्या येऊ?" त्यावर आबासाहेब मान वर न करता उत्तर देत, "उद्या या. घाई असेल त्याने गंजिफा खेळावा." मग पटावर टोपली पालथी घातली जाई आणि डाव दुसऱ्या दिवसावर जाई. तात्यांच्या चेहऱ्यावरचा त्रागा मला आजही आठवतो. आबासाहेब जिंकत ते बुद्धीने की समोरच्याला कंटाळा आणून, याचा निवाडा त्या ओसरीवर कधीच झाला नाही.

मला आज ज्या विषयावर बोलायचे आहे त्याचे मूळ या त्राग्यात आहे. बुद्धिबळ खेळणारी गणकयंत्रे आता जगज्जेत्यांनाही हरवतात, हे सर्वांना ठाऊक आहे. ती फार भराभर गणित करतात, म्हणून जिंकतात, असे आपण सहज म्हणतो. पण सामन्यात यंत्रालाही घड्याळ असते. वेळ संपली तर यंत्रही हरते. मग कोणत्या खेळीवर किती वेळ खर्चावा आणि कोठे विचार थांबवावा, हे त्याला कोण सांगते? तो हिशेब यंत्रात कसा आला, याची कथा मोठी मनोरंजक आहे, आणि तिच्यात एका फार मोठ्या खेळाडूचा मनस्तापही गुंतलेला आहे.

वेळेचे माप आपल्याला परके नाही. लग्नघरात घटिकापात्र पाण्यावर तरंगत ठेवण्याची चाल आपल्याकडे होतीच. एक घटका म्हणजे 24 मिनिटे, घटकेची 60 पळे, आणि अडीच घटकांचा एक तास. (पटावरचा घोडाही अडीच घरेच चालतो, हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटतो.) धरमपुरीहून विंध्याचा घाट चढून मांडव आणि धार ओलांडून आणखी वर गेले की उज्जैन लागते. भारतीय ज्योतिषाने आपली मध्यरेषा मानली ती याच नगरीवरून. ज्या माळव्यात काळ मोजण्याची ही परंपरा, तेथे बुद्धिबळाला मात्र काळाचा काच नव्हता. 1814 साली मुंबईस छापलेल्या त्रिवेंगडाचार्य शास्त्र्यांच्या बुद्धिबळावरील इंग्रजी ग्रंथात कोडी आहेत. पण कोडे म्हटले म्हणजे मोजायच्या त्या खेळी. अमुक खेळींत मात, एवढीच तेथली अट असते. त्या खेळी सुचायला घटका लागली की महिना, हे विचारण्याचे कारण नसते.

युरोपातही प्रारंभी हीच स्थिती होती. 1851 साली लंडनला पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, तेव्हा इलायजा विल्यम्स नावाच्या खेळाडूच्या संथपणाने हॉवर्ड स्टाँटन इतके संतापले, की त्यांनी त्याविषयी पुढे लेखणीतूनही तक्रार केली. तात्यांची तक्रार तीच होती, फक्त ती छापली गेली नाही. पुढे 1861 साली आंडरसन आणि कोलिश यांच्या सामन्यात वाळूची घटिकायंत्रे ठेवली गेली: दोन तासांत 24 खेळी. 1883 च्या लंडन स्पर्धेत एकमेकांना जोडलेली दोन घड्याळे आली. एक चालू झाले की दुसरे बंद. त्यानंतर तबकडीवरची छोटी झेंडी आली. काटा बारावर पोचला की ती पडे, आणि "झेंडी पडली" म्हणजे डाव गेला.

विसाव्या शतकात मोठ्या सामन्यांतून दोन तासांत 40 खेळी हा प्रघात रूढ झाला. आपल्या मापाने पाहू. दोन तास म्हणजे पाच घटका, म्हणजे 300 पळे. 40 खेळींत वाटली तर प्रत्येक खेळीला साडेसात पळे येतात. या साडेसातीने कित्येक थोर खेळाडूंचे हाल केले आहेत. अमेरिकेचे सॅम्युएल रेशेव्हस्की प्रारंभीच्या खेळींवर वेळ उधळून टाकीत आणि मग उरलेल्या खेळी सेकंदांवर खेळत. माणसाला सरासरी कळते, पण सरासरीने जगता येत नाही. पाठ असलेल्या खेळीला एक पळही लागत नाही, आणि जिथे डावाचे नशीब ठरते तिथे अर्धा तासही पुरत नाही.

आता यंत्राकडे वळू. स्वयंचलित यंत्राचे नाव निघाले की धारच्या माणसाला राजा भोजाची आठवण होणे साहजिक आहे. अकराव्या शतकातील या परमार राजाच्या नावावर असलेल्या 'समरांगणसूत्रधार' या वास्तुग्रंथात यंत्रांवर एक स्वतंत्र अध्याय आहे. त्यात नाचणाऱ्या बाहुल्या आहेत, लाकडी द्वारपाल आहेत, पाऱ्याच्या बळाने उडणारा लाकडी पक्षी आहे. यंत्रांची घडण मात्र पुरती सांगितलेली नाही. ती अज्ञानामुळे नव्हे, गुप्ततेसाठी सांगितली नाही, असा खुलासा ग्रंथकाराने केलेला आहे. ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी, पुढे तिची गरज पडणार आहे. गुप्ततेचा दुसरा प्रकार 1770 साली व्हिएन्नाच्या दरबारात दिसला. केंपेलनने दाखवलेला बुद्धिबळ खेळणारा 'तुर्क' हा यांत्रिक पुतळा मोठमोठ्यांना हरवी. पण त्याच्या पेटीत एक जिवंत खेळाडू दडून बसलेला असे.

खरे यंत्र यायला 1950 साल उजाडावे लागले. त्या वर्षी क्लॉड शॅनन यांनी गणकयंत्राला बुद्धिबळ कसे शिकवावे, यावर निबंध लिहिला. साऱ्या शक्यता शेवटपर्यंत तपासायच्या म्हटल्या, आणि एक शक्यता तपासायला सेकंदाचा दशलक्षांश भाग लागतो असे धरले, तर पहिली खेळी करायलाच एकावर नव्वद शून्ये इतकी वर्षे लागतील, असा त्यांचा हिशेब होता. यंत्रे कितीही वेगवान झाली तरी डावाचा पूर्ण विचार करणे अशक्य आहे, हे त्या दिवशीच ठरले. विचार कोठेतरी तोडावा लागणार. प्रश्न एवढाच, की कोठे?

प्रथमच्या यंत्रांना हा प्रश्नही कळत नव्हता. 1952 साली अ‍ॅलन ट्यूरिंग यांनी आपली आज्ञावली यंत्राविना, कागदावर हाताने चालवून एक डाव खेळला. एकेका खेळीला अर्धा तास लागे, आणि डाव यंत्रपक्षाने, म्हणजे कागदाने, गमावला. 1956 साली लॉस अ‍ॅलॅमॉस येथील यंत्र उंट वगळून सहा-सहा घरांच्या लहान पटावर खेळे, तरी खेळीला बारा मिनिटे घेई. लवकरच आय.बी.एम.च्या यंत्रावर अ‍ॅलेक्स बर्नस्टाइन यांची आज्ञावली पूर्ण पटावर आठ मिनिटांत खेळी करू लागली. ही सारी यंत्रे ठरावीक खोलीपर्यंत पाहत: माझी एक, त्याची एक, पुन्हा माझी एक, त्याची एक, मग थांबा. पटावर गर्दी असली की त्या चार खेळींना फार वेळ लागे, आणि पट मोकळा झाला की फार थोडा. घड्याळाशी त्यांचे काही नातेच नव्हते. आबासाहेबांसारखेच म्हणा ना.

1967 साली मॅसॅच्युसेट्समधील ग्रीनब्लॅट यांची आज्ञावली माणसांच्या स्पर्धांत उतरली आणि यंत्राला घड्याळाची गाठ घ्यावी लागली. 1970 पासून अमेरिकेत यंत्रायंत्रांच्या स्पर्धाही दरवर्षी भरू लागल्या. तिथे एक साधी पण विलक्षण युक्ती रुळली, आणि पुढच्या साऱ्या इमारतीचा पाया तीच ठरली. यंत्राने आधी एकच खेळी पुढे पाहावी आणि सर्वांत चांगली वाटली ती बाजूला काढून ठेवावी. मग दोन पुढे, मग तीन, मग चार. म्हणजे कधीही कोणी दार ठोठावले तरी हातात एक खेळी तयार असतेच. पहिल्यांदा ऐकताना हे वेड्याचे काम वाटते. तेच तेच पुन्हा कशाला पाहायचे? पण प्रत्येक पुढच्या पायरीला आधीच्या पायरीच्या पाचसहापट वेळ लागतो. तेव्हा आधीच्या साऱ्या पायऱ्यांचा खर्च मिळून शेवटच्या पायरीच्या मानाने अगदी किरकोळ ठरतो. शिवाय आधीच्या पायरीला जी खेळी उत्तम वाटली ती पुढच्या पायरीला प्रथम तपासली, की पुष्कळशा निरर्थक शाखा आपोआप छाटल्या जातात. नदीला उतार शोधणारा माणूस आधी घोटाभर पाण्यात काठी टेकतो, मग गुडघाभर, मग कमरेएवढ्या. नर्मदाकाठच्या माणसाला यात नवल वाटू नये.

आता यंत्राजवळ विचार तोडण्याची जागा आली. ती केव्हा वापरावी, हे शहाणपण अजून यायचे होते. 'क्रे ब्लिट्झ' या 1983 आणि 1986 च्या जगज्जेत्या आज्ञावलीचे कर्ते रॉबर्ट हायट यांनी 1984 साली केवळ याच विषयावर, वेळ शहाणपणाने कसा वापरावा यावर, निबंध लिहिला. यंत्राजवळ वेळ शिल्लक कोठून पडतो, ते पाहा. प्रारंभीच्या खेळी ग्रंथातून उचललेल्या असतात, त्यांना वेळच लागत नाही. दुसरे असे, की प्रतिस्पर्धी विचार करीत असतो तेव्हा यंत्र स्वस्थ बसत नाही; तो कोणती खेळी करील याचा तर्क करून तिच्यावरच्या उत्तराचा शोध त्याच्याच वेळात चालू ठेवते. तर्क बरोबर आला की उत्तर तयार. तिसरे, काही खेळी उघड असतात: त्याने आपला हत्ती मारला, आपण त्याचा मारायचा, तिथे तीन मिनिटे डोके खाजवण्याचे कारण नाही. अशी साठलेली पुंजी शेवटासाठी राखून ठेवावी, असे संसारी माणसाला वाटेल. हायट यांचा कल उलट होता. ग्रंथ संपून डाव मोकळ्या मैदानात येतो त्या पहिल्या खेळींवरच सरासरीपेक्षा अधिक वेळ द्यावा, कारण तिथे झालेली चूक शेवटी कितीही वेळ असला तरी निस्तरत नाही, आणि वाचलेली पुंजी पुढे पुन्हा साठतच जाते. मला स्वतःला हा विचार पटायला काही दिवस लागले. आपल्या संस्कारात शेवटच्या दिवसांसाठी गाठोडे बांधून ठेवणेच शहाणपणाचे.

आणि आता त्या मनस्तापाच्या प्रसंगाकडे. 1997 सालच्या मे महिन्यात न्यूयॉर्कला गॅरी कास्पारोव्ह आणि आय.बी.एम.चे 'डीप ब्लू' हे यंत्र यांच्यात सहा डावांचा सामना झाला. आदल्या वर्षी फिलाडेल्फियाला कास्पारोव्ह 4–2 असा जिंकला होता. नवे यंत्र सेकंदाला सुमारे 20 कोटी स्थिती तपासत होते. त्याचा वेळेचा नियम त्याच्या कर्त्यांनी पुढे प्रसिद्ध केला, तो असा. प्रत्येक खेळीला दोन मर्यादा. पहिली साधी: उरलेला वेळ भागिले उरलेल्या खेळी, त्यातूनही अडीअडचणीसाठी काही भाग राखून. दुसरी घबराटीची: उरलेल्या एकूण वेळाचा जवळजवळ तिसरा हिस्सा. पहिली मर्यादा आली आणि सारे सुरळीत असले की खेळी करावी. पण सर्वोत्तम मानलेल्या खेळीची किंमत शोध खोल गेल्यावर घसरू लागली असेल, किंवा ऐन वेळी दुसरीच खेळी पुढे सरकत असेल, तर थांबू नये. घबराटीच्या मर्यादेपर्यंत शोध चालू ठेवावा.

घबराट हा शब्द माझा नव्हे, त्या कर्त्यांचाच आहे. यंत्राला भीती वाटत नाही हे खरे. पण आपले मत डळमळते आहे एवढे त्याला कळते, आणि मत डळमळले की हात आखडता न घेता वेळ सोडावा, एवढे त्याला शिकवलेले असते.

दुसऱ्या डावात 36 व्या खेळीला हेच घडले. यंत्र पांढऱ्या बाजूने खेळत होते. वजीर आत घुसवून प्यादी गट्ट करण्याची सरळ वाट त्याला मोकळी होती, आणि लोभी यंत्र ती घेणारच, अशी कास्पारोव्ह यांची अटकळ होती. त्या लोभावर उलटा डाव टाकण्याची आशाही त्यांनी धरली होती. यंत्राने नेहमीपेक्षा बराच अधिक वेळ घेतला. मग वजीर न घुसवता शांतपणे प्याद्याने प्यादे मारले, आणि पुढच्याच खेळीला उंट पटाच्या मध्यभागी आणून सारी दारे बंद केली. हे यंत्राचे काम नव्हे, येथे माणसाचा हात आहे, असा संशय कास्पारोव्ह यांच्या मनात शिरला. डाव त्यांनी 45 व्या खेळीनंतर सोडला. आणि ज्या स्थितीत सोडला तिच्यात सतत शह देऊन बरोबरी साधण्याची वाट होती, हे नंतरच्या विश्लेषणात दिसून आले. जगज्जेत्याला ती दिसली नाही, कारण यंत्राने ती पाहिली असणारच, असे त्याने गृहीत धरले.

वार्ताहरांसमोर त्यांनी मॅराडोनाच्या 'देवाच्या हाता'च्या गोलाचा दाखला दिला आणि यंत्राच्या विचाराची नोंदवही मागितली. ती लगेच मिळाली नाही. राजा भोजाची गुप्तता आणि मोठ्या कंपनीची गुप्तता यांचा हेतू एकच नसेल; परंतु घडण झाकली, की पाहणाऱ्याला पेटीत माणूस दिसू लागतो, हे मात्र व्हिएन्नाच्या तुर्कापासून चालत आलेले आहे. नोंदी पुढे प्रसिद्ध झाल्या. त्यांत काय होते? वजिराच्या खेळीची किंमत शोध खोल जाईल तशी घसरत गेली होती, आणि घबराटीचा नियम लागू होऊन यंत्राने दुसरी खेळी शोधली होती. ज्या दीर्घ विरामात कास्पारोव्ह यांना मानवी मन दिसले, तो विराम म्हणजे घड्याळाच्या हिशेबाचे एक कलम होते. पण तोपर्यंत सामना संपला होता. सहावा डाव 11 मे रोजी ते 19 खेळींत हरले आणि सामना 3½–2½ असा यंत्राकडे गेला. त्यानंतर त्या यंत्राने पुन्हा सामना खेळला नाही. मी स्वतः कास्पारोव्ह यांचा संशय खरा मानत नाही. पण नोंदवही त्याच रात्री त्यांच्या हाती पडती, तर पुढचे डाव ते कसे खेळले असते, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

वेळ हे माणसाचे बळ की यंत्राचे, याचा एक सुंदर ताळा आपल्या विश्वनाथन आनंद यांच्या सामन्यात सापडतो. 1998 साली इटलीतील इस्किया बेटावर ते 'रिबेल' या आज्ञावलीशी आठ डाव खेळले. पाच-पाच मिनिटांच्या चार डावांत यंत्र 3–1 असे पुढे गेले. पंधरा-पंधरा मिनिटांच्या दोन डावांतही यंत्राचीच 1½–½ अशी सरशी झाली. मात्र 40 खेळींना दोन तास अशा दोन संथ डावांत आनंद 1½–½ असे जिंकले. आनंद हे आपल्या जलद खेळासाठी विख्यात. आणि तरीही जितका वेळ वाढला तितके माणसाचे पारडे त्या काळी जड झाले. वाढलेल्या वेळाने यंत्राला एकदोन पायऱ्या अधिक मिळत; माणसाला त्या वेळात डावाचा सारा बेत बदलता येई. आज तसे म्हणता येणार नाही. आज कोणत्याही वेळात यंत्रच वरचढ आहे.

यंत्रायंत्रांमध्ये मात्र वेळेचा हिशेब अजून निर्णायक आहे, आणि त्यावरून भांडणेही होतात. 2017 सालच्या डिसेंबरात लंडनच्या डीपमाइंड संस्थेने जाहीर केले, की स्वतःशीच खेळून शिकलेल्या 'अल्फाझिरो'ने 'स्टॉकफिश' या बलाढ्य आज्ञावलीशी 100 डाव खेळून 28 जिंकले, 72 बरोबरीत सोडवले आणि एकही गमावला नाही. जगभर गाजावाजा झाला. पण स्टॉकफिशच्या एका मूळ कर्त्याने आक्षेप घेतला, की हे डाव प्रत्येक खेळीला बरोबर एक मिनिट या अटीने खेळवले होते. कोठे पटकन खेळावे आणि कोठे ठाण मांडून बसावे, हे स्टॉकफिशला शिकवण्यात ज्यांनी श्रम घातले, त्यांचे ते श्रम त्या अटीने व्यर्थ झाले. विनोबांना सूतकताईच्या स्पर्धेत बसवून टकळी मात्र हातात द्यायची नाही, असाच हा प्रकार! आक्षेप रास्त होता. पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या निबंधात 1000 डाव दिले गेले. त्यांत प्रत्येक बाजूला तीन तास आणि दर खेळीला पंधरा सेकंदांची भर होती. अल्फाझिरोने 155 जिंकले, 6 गमावले, बाकी बरोबरीत सुटले. विजेता तोच राहिला. पण आता पराभवाच्या रकान्यात शून्य उरले नव्हते.

दर खेळीला काही सेकंदांची भर घालण्याची ही पद्धत बॉबी फिशर यांच्या कल्पनेतली. 1992 साली युगोस्लाव्हियात स्पास्कींशी झालेल्या सामन्यात त्यांनी तसे घड्याळ वापरले. तेव्हापासून हिशेब आणखी नाजूक झाला. झेंडी पडण्याची धास्ती पुरती जात नाही, पण प्रत्येक खेळीला चिमूटभर श्वास मिळतो, आणि यंत्राला ती चिमूटही आगाऊ जमेस धरावी लागते. शिवाय खेळी ठरल्यावर ती तारेने पलीकडे पोचेपर्यंत जो क्षणाचा अंश जातो, तोही वजा करून ठेवावा लागतो. नाही तर जिंकलेला डाव तारेतच हरायचा.

गेल्या खेपेला धरमपुरीला गेलो, तेव्हा त्याच ओसरीवर घरातला एक मुलगा हातातल्या फोनवर यंत्राशी खेळत बसला होता. यंत्र पापणी लवते न लवते तोच उत्तर देई. मी त्याला विचारले, की याला घड्याळच लावले नाही तर काय करील? त्याने तशी सोय शोधून काढली आणि एक स्थिती मांडून दिली. पडद्यावर खोलीचा आकडा चढू लागला: वीस, पंचवीस, तीस. मग एकेक पायरीला वेळ लागू लागला. आम्ही चहा घेतला, घाटावर जाऊन आलो. आकडा हलला होता, पण थोडाच. "काका, हे थांबतच नाही," मुलगा म्हणाला. थांब म्हटल्याखेरीज ते थांबणार नव्हतेच. दिवे लागले होते. त्याने फोन तसाच देवळीत ठेवला आणि तो जेवायला आत गेला.